नातवाची तांबी

मी नोकरीत होते तेव्हा एक तांबी बसवायला मला आठ मिनिटं लागायची. हात धुण्यापासून कार्डावर सही करेपर्यंत सगळं धरून. तेहतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात नर्स होते आणि त्यातली एकवीस वर्षं कुटुंब नियोजनात काढली. भोसरी, चिखली, दिघी, मोशी या बाजूला आज जे लोक चाळिशीत आहेत, त्यांच्यातले निम्मे मी रजेवर असताना झालेले आहेत, असं आमचे मोठे डॉक्टर म्हणायचे. चारचौघांत म्हणायचे. मी नको नको म्हणायचे आणि त्यांनी पुन्हा म्हणावं याची वाट बघायचे.

हे सांगायचं कारण, आमच्या निरंजनने जेव्हा मला तांबीबद्दल विचारलं, तेव्हा मी त्याला म्हणाले की हे एका तासाचं काम आहे. त्या तासात बावन्न मिनिटं मी रिक्षा आणि केसपेपरची रांग यांच्यासाठी राखून ठेवली होती. आज त्या गोष्टीला अकरा आठवडे झाले.

निरंजन माझा नातू. सव्वीस वर्षांपूर्वी तो जन्मला तेव्हा मुलगी झाली म्हणून मी स्वतः सगळ्या चाळीत बर्फी वाटली होती. चार वर्षांपूर्वी त्याने आम्हाला समोर बसवून सांगितलं की वाटण्यात चूक झाली, पेढे हवे होते. तेव्हाचं नाव मी इथे लिहीत नाही, त्याला आवडत नाही. त्यानंतर घरात काय काय झालं तेही लिहीत नाही, कारण ते सगळ्यांच्या घरात होतं तसंच झालं आणि मग हळूहळू व्हायचं थांबलं. आता त्याला पुरुषाच्या हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे, दाढी माझ्या मुलापेक्षा दाट आहे, आधार कार्डावर पुरुष आहे, आणि चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत तो तपासणी विभागात आहे. भोसरीत एका खोलीत गणराज नावाच्या लातूरकडच्या मुलाबरोबर राहतो. घरमालकाच्या दृष्टीने ती दोन सरळमार्गी, एकटी पोरं. गणराज त्याचा जोडीदार आहे हे मला कळायला दीड वर्ष लागलं. मला वाटायचं, काय जिवाला जीव देणारे मित्र आहेत, हल्ली असे दिसत नाहीत.

आपल्या एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. तशा एका गुरुवारी निरंजन मोशीला आमच्याकडे आला, पोहे खाल्ले, पंख्याकडे बघितलं आणि विचारलं, "आजी, इंजेक्शन चालू असलं तरी दिवस राहू शकतात का?"

त्याची पाळी दोन वर्षं बंद आहे. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांनीच त्याला बजावलं होतं की पाळी थांबली म्हणजे बीज थांबलं असं समजू नकोस, हे काही गर्भनिरोधक नाही. मला त्यात नवल वाटलं नाही. पाळी आली नाही म्हणून निर्धास्त राहिलेल्या बाळंतिणी मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत. त्यांचं दुसरं मूल पहिल्याचेच कपडे घालतं. पण दोन महिन्यांपूर्वी यांचा निरोध फाटला होता. त्यानंतर तीन आठवडे हा पोरगा धड झोपला नव्हता. शेवटी तपासणीची पट्टी त्याने कंपनीच्या संडासात, बाहेर चार माणसं दार वाजवत असताना पाहिली. एकच रेघ आली.

"दोन आल्या असत्या तर इंजेक्शन बंद करावं लागलं असतं. बाळाला ते घातक आहे," तो म्हणाला. "आणि कंपनीत कुणालाच माहीत नाही. चार वर्षांत जे उभं केलं ते एका महिन्यात गेलं असतं, आजी."

मी त्याच्यासमोर सगळे उपाय मांडले, जसे पूर्वी मांडायचे. गोळ्यांत बाईचं हार्मोन, ते त्याला नको. तीन महिन्यांच्या इंजेक्शनात तेच. आठवड्याची एक सरकारी गोळी आहे, तिच्यात हार्मोन नाही म्हणतात, पण ती याच्या इंजेक्शनाबरोबर घेतली तर काय होतं हे कुणी तपासून पाहिलेलं नाही, आणि पहिला मान माझ्या नातवाने का घ्यावा. ऑपरेशन कायमचं, आणि मूल हवं की नको हे आत्ताच ठरवायला तो तयार नव्हता. निरोधावरचा विश्वास उडालेला. राहिली तांबी. हार्मोनचा कण नाही, तांब्याची तार गुंडाळलेला बोटभर दांडा, एकदा आत बसवला की दहा वर्षं बघायला नको.

तो म्हणाला, भोसरीतल्या एका दवाखान्यात मी जाऊन आलो, तिथल्या बाईंनी विचारलं, पेशंट कुठाय, बायकोला घेऊन या. मी म्हटलं, तू गेलासच कशाला? मी जिवंत असताना या घरातला माणूस तांबीसाठी परक्या दारात? माझ्या हाताखाली शिकलेली स्वरूपा आता मोठ्या सरकारी दवाखान्यात सिस्टर इन्चार्ज आहे. एक फोन.

आता त्या फोनविषयी. माझा उजवा कान गेलेला आहे, त्यामुळे मी फोन स्पीकरवर ठेवते. आणि दुपारी चार ते पाच समोरच्या सुमनताई आमच्याकडे पेपर वाचायला येतात, कारण त्यांच्या मते दोन घरांनी दोन पेपर घेणं हा उधळेपणा आहे. मी स्वरूपाला फक्त इतकंच म्हणाले की घरातलीच केस आहे, तरुण आहे, तांबी बसवायची आहे, गुरुवारी आणते. नाव घेतलं नाही. एकवीस वर्षं मी गुप्तता पाळली आहे, ती काय उगाच?

सुमनताईंनी पेपरची घडी घातली. आमच्या घरात मी धरून दोन बायका. मी चौऱ्याहत्तरची. उरली माझी सून रुपाली, एकोणपन्नासची. सुमनताईंच्या वयाला एकोणपन्नास म्हणजे तरुणच.

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या दोन्ही इमारतींना कळलं होतं की रुपालीला या वयात तांबी लागते. रुपाली शाळेत शिकवते, कडक आहे, आणि जिन्यात कुणाशी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलत नाही. तिला त्या दिवशी दूध आणायला जाऊन यायला पाऊण तास लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, बसवू नको, माझ्या नणंदेची तांबी छातीत चढली होती. तांबी छातीत चढत नाही. हे वाक्य मी शासनाच्या पगारावर एकवीस वर्षं म्हटलं, पोस्टर दाखवून म्हटलं, मातीचं गर्भाशय करून त्यात घालून दाखवलं, आणि माझ्याच जिन्यात ती अजून चढतेच आहे. दुसऱ्या एकीने सांगितलं, तांबी असेपर्यंत तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिऊ नये, शरीरात तांबं दुप्पट होतं. माझा मुलगा ज्योतीराम वर्कशॉपमधून परत आला तेव्हा फाटकाशी आमचे चेअरमन दत्तोबा, मोशीतलं जुनं बागायतदार घराणं, त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि नुसतेच हसले. ज्योतीराम वर येऊन विचारू लागला, माझं काही प्रमोशन झालंय का.

रुपाली माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आई," ती म्हणाली, "खाली माझ्या गर्भाशयावर चर्चासत्र चाललंय. ते कशामुळे?"

मला सांगावं लागलं. निरंजन तिचा मुलगा. तो तिला हे सांगू शकला नव्हता आणि मला सांगू शकला होता, हेही त्यात आलंच. ती बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. गणराजचं नाव निघालं तेव्हा तिने एकदाच डोळे मिटले. मग हात पुसले, समोरचं दार वाजवलं, आणि सुमनताईंना माझ्या देखत सांगितलं की हो, माझ्यासाठीच आहे, आणखी काही विचारायचंय का. सुमनताईंना विचारायचं बरंच होतं, पण दार बंद झालं होतं. अठ्ठावीस वर्षांच्या सहवासात सुनेविषयी माझं मत इतकं चांगलं होण्याचा हा तिसरा प्रसंग. पहिले दोन मी विसरले आहे.

गुरुवारी आम्ही त्या दवाखान्यात गेलो. कुठला ते सांगत नाही, आत काम करणाऱ्या मुलींच्या नोकऱ्या आहेत. माझ्या वेळी केसपेपर म्हणजे एक कागद आणि एक शिसपेन्सिल. आता काचेमागे कॉम्प्युटर आहे. आतल्या मुलीने आधार पाहिलं, निरंजन, पुरुष, वय सव्वीस, असं टाकलं आणि विभाग विचारला. मी म्हटलं, स्त्रीरोग. तिने बटण दाबलं. कॉम्प्युटरने लाल अक्षरांत नाही म्हटलं. तिने पुन्हा दाबलं. ती मुलगी खरंच चांगली होती, तिने पाच वेळा दाबलं. मग म्हणाली, आजी, पुरुषाला स्त्रीरोगमध्ये घेतच नाही हे, नक्की काम काय आहे? मागे वीस-बावीस माणसं. निरंजन माझ्याकडे बघत होता. मी आवाज खाली आणून म्हणाले, कुटुंब नियोजन.

तिचा चेहरा उजळला. तिने काहीतरी टाकलं, कॉम्प्युटर एकदम हो म्हणाला, आणि कागद बाहेर आला. खोली क्रमांक अकरा. मला वाटलं, बघा, मार्ग निघतो. अनुभवी माणूस बरोबर असलं की मार्ग निघतो.

खोली क्रमांक अकरा ही पुरुष नसबंदीची होती. पुरुष असून कुटुंब नियोजनाला आलेल्या माणसाचं दुसरं काय करायचं असतं, हे कॉम्प्युटरला ठाऊक नव्हतं. आणि त्याच आठवड्यात पुरुष नसबंदी पंधरवडा चालू होता. दारावर फुगे होते. आत एक टेबल, त्यावर झेंडूचा हार, शाल, बिस्किटं, आणि पाच कर्मचारी, ज्यांच्याकडे पंधरवड्याच्या नवव्या दिवसापर्यंत एकही पुरुष फिरकला नव्हता. दारात दाढीवाला, सव्वीस वर्षांचा, स्वतःच्या पायांनी आलेला तरुण बघून ती माणसं अशी उठली की खुर्च्या मागे पडल्या.

स्वरूपाही तिथेच होती. तिने मला मिठी मारली. "बाई, तुम्ही पुरुष आणलात," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

पुढचं लिहिताना मला संकोच वाटतो. कुणीतरी निरंजनच्या गळ्यात हार घातला. कुणीतरी मोबाइल काढला. निरंजन मान हलवून नाही नाही म्हणत होता. मी काय करायला हवं होतं? मी म्हणायला हवं होतं की थांबा, गैरसमज होतोय. पण माझ्या नोकरीत नसबंदीला पुरुष मिळणं म्हणजे दिवाळी. एक पुरुष आणला की सहा महिने साहेब आवाज चढवत नसत. ती सवय हाडात जाऊन बसलेली असते. मी पदर सारखा केला आणि फोटोत त्याच्या शेजारी उभी राहिले.

हसले सुद्धा.

मग डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, लग्न झालंय? नाही. मुलं? नाही. डॉक्टर म्हणाले, मग नियमात बसत नाही. कर्मचाऱ्यांपैकी एकाने निरंजनच्या गळ्यातला हार हळूच काढून घेतला आणि पुन्हा टेबलावर ठेवला, दुसरा कुणी आलाच तर. बिस्किट मात्र घ्या म्हणाले.

मी स्वरूपाला बाजूला नेऊन खरं काय ते सांगितलं. ती वाईट मुलगी नाही. ती ऐकत राहिली, मध्येच एकदा निरंजनकडे बघून आली, आणि मग म्हणाली की बाई, तांबी मी बसवीन, पण रजिस्टरात लिहू काय? पतीचं नाव असा रकाना आहे. तपासताना आधार पुरुषाचं निघालं तर वरून फोन येईल. शेवटी तिने तोडगा काढला. जुन्या नावाचं एखादं कार्ड, शाळेचा दाखला, काही असेल ना? त्या नावावर बाई म्हणून नोंद करू, पडदा लावून घेऊ, कुणाला कळणार नाही.

मला तो तोडगा पटला. खरं सांगते, लगेच पटला. सरकारी कामात कागद खूश झाला की माणूस सुटतो, हे मी तरुणपणी शिकले. मी निरंजनला म्हटलं, अरे नाव काय, एक दिवसाचं तर आहे.

तो तोपर्यंत बिस्किट हातात धरून उभा होता. त्याने ते टेबलावर ठेवलं. "त्या नावाची बाई माझ्याबरोबर आलेली नाही, आजी," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

इथवर जे झालं ते निदान आमच्यात राहिलं असतं. पण फोटो. त्या खोलीतल्या कुणीतरी तो वॉर्डाच्या आरोग्य ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, तरुणांनो पुढे या. तिथून तो मोशीत आला. दत्तोबांनी निरंजनला पुढच्या भेटीत फाटकातच धरलं. दत्तोबांना तो म्हणजे ज्योतीरामचा मुलगा एवढंच माहीत. आम्ही या सोसायटीत तीन वर्षांपूर्वी राहायला आलो.

"भावा, लाजायचं न्हाई," दत्तोबा म्हणाले. "म्या बी केली हाय. शहात्तर साली. दुसऱ्या दिशी ट्रॅक्टरवर बसलो व्हतो. कोन काय बोललं तर मला सांग."

आणि मग त्यांनी अर्धा तास त्याला घरगुती काळजीविषयी ज्या सूचना दिल्या, त्या ऐकताना मी जिन्यातल्या कुंड्यांना पाणी घालत होते आणि कुंड्या वाहून गेल्या तरी मला थांबता आलं नाही.

कंपनीत फोटो पोचायला दोन दिवस लागले. सुपरवायझरने त्याला बोलावून घेतलं. सुपरवायझर म्हणाले, वजन उचलू नको राव, आठवडाभर स्टुलावर बसून काम कर. जेवणाच्या सुट्टीत पोरं त्याला वीर म्हणू लागली. निरंजन हे सांगायला आमच्याकडे आला तेव्हा हसून हसून त्याला ठसका लागला. म्हणाला, आजी, मी पुरुष आहे का नाही अशी शंका आता चाकणमध्ये कुणालाही येणं शक्य नाही. माझ्या मध्यस्थीने झालेला हा पहिला आणि शेवटचा फायदा. मीही हसले. मग तो हसायचा थांबला आणि म्हणाला, पण अजून झालं काहीच नाही ना.

घरमालकाला मात्र हे विनोदी वाटलं नाही. लग्न न झालेल्या पोराला नसबंदी कशाला लागते, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तर्काने पाहिलं तर प्रश्न चुकीचा नव्हता. माझ्या खोलीत असले धंदे चालणार नाहीत, महिनाअखेर खोली सोडा, असं त्यांनी सांगितलं. गणराजने हातापाया पडून सांगितलं की काका, हा चुकून रांगेत उभा राहिला, केली नाही. मालक म्हणाले, मग रांगेत उभा राहायची वेळ का आली. गणराजकडे याचं उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. होळीपर्यंतची मुदत मिळाली. म्हणजे मी एका तासाचं काम हातात घेतलं आणि दोन मुलांचं छप्पर घालवलं.

यानंतर निरंजनने मला विचारायचं बंद केलं. त्याच्यासारख्या मुलांचा एक ग्रुप आहे, त्यांच्याकडून त्याने सांगवीतल्या डॉक्टर प्राजक्ता म्हणून कुणी आहेत त्यांचा पत्ता काढला आणि वेळ घेतली. मला हे रुपालीकडून कळलं. मी दिवसभर ओट्यावर भांडी आपटली. संध्याकाळी त्याला फोन करून म्हणाले की मी येणार. तो म्हणाला, गरज नाही. मी म्हणाले, गरजेचा प्रश्नच नाही. मग तो म्हणाला, ये, आत माझ्या डोक्याशी बस, मला एकट्याला भीती वाटते. ते ऐकून माझा सगळा राग गेला आणि त्याच्या जागी पुन्हा तीच जुनी ऐट येऊन बसली.

सांगवीचा दवाखाना लहान, एका इमारतीच्या तळमजल्यावर. बाकांवर पोटुशा बायका आणि त्यांचे नवरे. बाहेरच्या मुलीने निरंजन अशी हाक मारली, वर बघून तोच आहे याची खात्री केली आणि आत पाठवलं. बस, एवढंच. मला थोडी निराशाच झाली. मी भांडायची तयारी करून आले होते.

डॉक्टर माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी जे विचारलं ते त्याला विचारलं. मी तीनदा मधे उत्तर दिलं. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, आजी, त्यांना सांगू द्या. मी त्यांना सांगितलं की मी या खात्यात एकवीस वर्षं होते. त्या म्हणाल्या, हो का, आणि पुन्हा त्याच्याकडे वळल्या.

त्यांनी त्याला नीट समजावलं. तांबी त्याच्या इंजेक्शनाच्या आड येत नाही. पण बसवल्यावर काही दिवस, कदाचित काही महिने, कळ येईल आणि रक्त जाईल, आणि ज्याची पाळी दोन वर्षं बंद आहे त्याला ते बघणं जड जाऊ शकतं. निरंजन खाली बघत म्हणाला, ते मी ठरवलंय, सोसेन. हार्मोनवाली एक तांबी आहे, तिने रक्त कमी जातं, त्यात हार्मोन अगदी थोडं. त्याने नको म्हटलं. आणखी एक त्यांनी सांगितलं. इंजेक्शनामुळे आतली त्वचा कोरडी आणि नाजूक झालेली असते, त्यामुळे बसवताना इतरांपेक्षा जास्त दुखू शकतं. कुठल्याही क्षणी थांबा म्हणा, मी थांबेन.

हे शेवटचं वाक्य मला जरा नाटकी वाटलं. सगळेच डॉक्टर हल्ली गोड बोलतात.

आधी लघवीची तपासणी झाली. पट्टीवर रेघ उमटेपर्यंतच्या त्या पाच मिनिटांत निरंजनने माझ्या हाताची बोटं इतकी घट्ट धरली की अंगठी रुतली. एकच रेघ. मग तो टेबलावर झोपला, मी डोक्याशी स्टुलावर. त्याच्या दाढीत घाम साचत होता. डॉक्टरांनी प्रत्येक वेळी आधी सांगितलं, आता हात लावते, आता हे थंड लागेल. मला वाटत होतं, किती ती बडबड, एव्हाना झालं असतं. मग त्याचं अंग ताठ झालं. पाय थरथरायला लागले. डोळ्यांच्या कडेने पाणी आलं आणि कानात गेलं. तो फार हळू आवाजात म्हणाला, "थांबा."

माझ्या ओठांवर शब्द आले होते. झालं, झालं बाळा, एवढंच. मी ते म्हणण्यासाठी श्वाससुद्धा घेतला होता. ते शब्द मला शोधावे लागले नाहीत, ते तिथे तयारच होते, शेकडो वेळा वापरून गुळगुळीत झालेले.

पण डॉक्टरांनी हात काढून घेतला होता. लगेच. हत्यार ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज आला, त्यांनी चादर त्याच्या पायांवर ओढली आणि म्हणाल्या, आज नाही करायचं. सहा आठवड्यांनी या, तेव्हा भूल देऊन करू. आत लावायचं एक मलम आहे, त्याने त्वचा सुधारेल, पण त्यात बाईचं हार्मोन आहे, थोडं, तिथल्या तिथे काम करणारं. घ्यायचं की नाही विचार करून सांगा. तोवर निरोध, आणि न चुकता. निरंजन मला माफ करा म्हणाला. त्या म्हणाल्या, माफी कसली.

म्हणजे अकरा आठवडे, एक हार, एक फोटो, सुनेची अब्रू आणि भोसरीतली खोली खर्ची घालून आम्ही जिथे होतो तिथेच होतो, आणि वर सहा आठवडे.

बसमध्ये त्याला खिडकी दिली. नाशिक फाटा आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि तो मांडीवर पिशवी धरून बसला होता, जशा आमच्या तांबीच्या शिबिरातून परतताना बायका बसायच्या.

"आजी," तो म्हणाला, "तुझ्याकडच्या बायका म्हणायच्या का थांबा?"

नाही म्हटलं असतं तर घाबरट तो एकटाच ठरला असता. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता.

"म्हणायच्या," मी म्हणाले.

"मग?"

मार्चअखेरची शिबिरं शाळेत भरायची, बाकं जोडून. टार्गेटला चार केस कमी होत्या तेव्हा मी गोजाबाई म्हणून एकीला शेतातून उठवून आणलं होतं. ती दोनदा म्हणाली होती, थांबा बाई. ओरडून नाही, अगदी रीतीने, जसं कुणी पाणी मागावं. महिनाभराने ती तांबी काढून द्या म्हणून आली तेव्हा मी तिला तारीख दिली, मग पुढची तारीख दिली. ती यायची थांबली तेव्हा मी रजिस्टरात तिच्या नावापुढे समाधानी असं लिहिलं. हे मी कधी विसरले नव्हते. फक्त ते मी माझ्या कामगिरीच्या आठवणींत ठेवलं होतं, हे आज दिसलं.

"मी नाही थांबले," मी म्हणाले. "कुणासाठीच नाही."

तो बाहेर बघत राहिला. बस फाट्यावर बराच वेळ उभी होती, माणसं चढत होती. एका बाईने त्याला दादा म्हणून हाक मारून पिशवी धरायला दिली, त्याने धरली. भोसरी जवळ आली तेव्हा तो माझ्याकडे वळला.

"पुढच्या वेळी तू बाहेर बसशील?"

रागाने विचारलं नाही. रागाने विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर होतं.

"बसेन," मी म्हणाले.